नगरच्या दुष्काळी मुलखांतील मिशनकार्य

भूगोलाच्या पुस्तकांत ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ हे शब्द आपण वाचतों, परीक्षेपुरते ध्यानांत ठेवितों आणि मग विसरून जातों. परंतु ज्यांच्या वाडवडिलांचे जन्म त्या छायेंत गेले त्यांस हे शब्द इतक्या सहजासहजीं विसरतां येत नाहींत. नैऋत्येकडून आलेले ढग सह्याद्रीच्या माथ्यावर आपलें ओझें रितें करितात. अकोले तालुक्यांत भंडारदऱ्याकडे धो धो पाऊस कोसळतो. आणि तेथून पूर्वेस व आग्नेयीस पन्नास-शंभर मैल गेलें, कीं पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड या तालुक्यांत वर्षाकाठीं वीस-चोवीस इंच पाऊस झाला तरी शेतकरी देवाचे आभार मानतो. तोही वेळेवर पडेल याचा नेम नाहीं. मृग कोरडा गेला तर बाजरी गेली. हस्तानें पाठ फिरविली तर रब्बीची ज्वारी गेली. आणि दोन्ही गेलीं म्हणजे माणूस गुराढोरांसह घर सोडून निघाला.

ज्या जिल्ह्यास पूर्वी अहमदनगर म्हणत व ज्याचें नांव २०२४ सालापासून अहिल्यानगर झालें आहे, त्या जिल्ह्याच्या या रुक्ष भागांत ख्रिस्ती मिशनचें काम जवळजवळ दोनशें वर्षांपूर्वीं सुरू झालें. तें कोणीं केलें, गरिबांतल्या गरिबांनींच तें प्रथम कां स्वीकारलें, आणि दुष्काळाच्या भट्टींतून जातांना त्या कामाचें काय झालें, हें या लेखांत सांगावयाचें योजिलें आहे. या विषयावर बोलूं लागलें म्हणजे एक प्रश्न हटकून पुढें येतो: “हे लोक धर्मासाठीं ख्रिस्ती झाले, कीं भाकरीसाठीं?” आमच्या शाळेंतील पुष्कळ मुलांस हा प्रश्न कोणी ना कोणी विचारिला असेल. त्यास राग न मानतां व मान खालीं न घालतां उत्तर देतां यावें, एवढ्यासाठीं तरी हा इतिहास ठाऊक असणें अवश्य आहे.

अमेरिकन बोर्डाचे पहिले मिशनरी, गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट, हे १८१३ सालीं मुंबईस उतरले. त्या मिशनला पुढें ‘अमेरिकन मराठी मिशन’ हें नांव पडलें. नगर येथें त्यांनीं १८३१ सालीं ठाणें घातलें. निजामशाहीची जुनी राजधानी, लष्कराची छावणी, कोरडी व निरोगी हवा आणि चहूंकडे पसरलेलीं शेंकडों खेडीं, अशीं या ठिकाणाचीं अनुकूलता होती. प्रथम त्यांचें लक्ष शहरांतील सुशिक्षित वर्गाकडे होतें. कांहीं ब्राह्मण तरुणांनीं घरदार, नातें व मानमरातब यांवर पाणी सोडून बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांच्या विद्वत्तेचा मिशनला फार उपयोग झाला. परंतु ज्यांच्याकरितां शहरांतल्या शाळा उघडल्या त्यांतले बहुतेक शिकून आपल्या वाटेनें गेले. खरी हांक ऐकूं आली ती गांवकुसाबाहेरून.

तें कसें घडलें हें समजण्यास त्या वेळच्या खेड्याची रचना ध्यानीं आणावी लागेल. महार हा गांवचा बलुतेदार. वेशीवर पहारा करणें, सरकारी टपाल पुढच्या गांवीं पोंचविणें, शेताची हद्द दाखविणें, मेलेलें जनावर ओढून नेणें, हीं त्याचीं कामें. त्याबद्दल त्यास थोडी वतनाची जमीन व सुगीच्या वेळीं खळ्यावरचें बलुतें मिळे. मांगाची स्थिति याहूनही हलाखीची. दोघांसही गांवच्या विहिरीवर पाय ठेवण्याची मनाई, आणि देवळाचें दार तर बंदच. आतां असें पाहा, कीं ज्याचें पोट दुसऱ्याच्या खळ्यावर अवलंबून, त्याला दुष्काळ सर्वांच्या आधीं गांठतो. शेतकऱ्याच्या घरीं पेंवांत दाणा असेतों तो तग धरी. परंतु खळेंच झालें नाहीं म्हणजे बलुतें कोठून मिळणार? म्हणून दुष्काळ आणि अस्पृश्यता हीं या मुलखांत दोन निराळीं दुःखें नव्हतीं. एकाच दुःखाचीं तीं दोन तोंडें होतीं.

अशा लोकांस जेव्हां कोणी येऊन सांगूं लागला, कीं देवापुढें सर्व माणसें एका योग्यतेचीं आहेत, आणि तो सांगणारा त्यांच्या ओट्यावर बसून त्यांच्या हातचें पाणी पिऊं लागला, तेव्हां त्या बोलण्यापेक्षां त्या पाणी पिण्यानेंच त्यांचें मन अधिक हललें असेल, यांत नवल तें काय? शिवाय महारांचें नातेंगोतें दूरदूरच्या गांवांशीं जडलेलें असे. एका गांवीं एक कुटुंब मिशनच्या संबंधांत आलें, कीं लेकीच्या सासरीं, सुनेच्या माहेरीं, मेहुण्याच्या गांवीं ती वार्ता पोंचे. मिशनरी साहेबांच्या घोड्यापेक्षां सोयरिकीची ही वाट फार वेगानें चाले. गोदावरी व प्रवरा यांच्या खोऱ्यांतील खेड्यांतून १८५५ नंतर ज्या लहान लहान मंडळ्या स्थापन झाल्या, त्या बहुतांशीं याच वाटेनें.

या खेड्यांतून मिशनचें खरें काम चालविलें तें मात्र गोऱ्या साहेबांनीं नव्हे, तर खेड्यांतल्या शाळामास्तरानें. वडाळें, राहुरी अशा ठाण्यांवर मिशनरी राही व हिंवाळ्यांत तंबू घेऊन दौरा करी. परंतु बाराही महिने महारवाड्यांत राहणारा, सकाळीं मुलांस मुळाक्षरें शिकविणारा, रात्रीं मजुरीहून आलेल्या बाप्यांस दिव्याच्या उजेडांत वाचावयास बसविणारा, कोणाचें समन्स तर कोणाचा खतपत्राचा कागद वाचून दाखविणारा, रविवारीं प्रार्थना चालविणारा आणि प्रसंगीं तापाच्या पुड्या वांटणारा तो मास्तरच असे. त्याला पगार बेताचाच मिळे. त्याचें नांव अहवालांत फार तर एखाद्या ओळींत सांपडावयाचें. तथापि सावकाराच्या कागदावर कशावर अंगठा उठवितों हें ज्या दिवशीं महारवाड्यांतल्या पोरास वाचतां आलें, त्या दिवशीं त्या गांवांत कांहीं तरी कायमचें बदललें.

मुलींच्या शिक्षणाचीही तीच गोष्ट. मिस सिंथिया फॅरार या बाई १८२७ सालीं मुंबईस आल्या. त्या १८३९ पासून नगरास होत्या, आणि १८६२ सालीं तेथेंच त्यांनीं देह ठेविला. लग्न न करतां परदेशीं शिक्षणकार्यासाठीं आलेल्या पहिल्या बायांपैकीं त्या एक होत. त्यांच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले यांस पुण्यांत मुलींची शाळा काढण्याची स्फूर्ति झाली, व १८४८ सालीं त्यांनीं ती काढली. फुले ख्रिस्ती झाले नाहींत, मिशनऱ्यांच्या सर्व मतांस त्यांनीं मान डोलविली असेंही नाहीं. परंतु चांगल्या कामाचें बीं कोणत्या शेतांत जाऊन रुजेल हें पेरणाऱ्यास सांगतां येत नाहीं, याचें याहून सुंदर उदाहरण मिळणें कठीण. याच नगरांत १८४२ सालीं ‘ज्ञानोदय’ पत्र निघालें, आणि मराठी नियतकालिकांच्या इतिहासांत त्यानें आपली जागा मिळविली.

प्रथम प्रथम उपासनेचीं गीतें परक्या चालींवर असत, व खेड्यांतील माणसास तीं आपलीं वाटत नसत. ही उणीव आमच्याच लोकांनीं ओळखिली. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनीं वीणा-मृदंगाच्या साथीनें ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा पाडली. आणि जो शेतकरी प्रवचनास पांच मिनिटें थांबत नसे, तो कीर्तनास मध्यरात्रीपर्यंत बसूं लागला. पुढें १८९५ सालीं नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा झाला, आणि नगर-राहुरीच्या या कोरड्या मातींत राहून त्यांनीं तुकोबांच्या वाटेनें येशूकडे नेणारीं पदें व अभंग रचिले. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत त्या दिवसांचें जें घरगुती चित्र उतरलें आहे, तें ज्यांनीं वाचलें नसेल त्यांनीं या सुटींत अवश्य वाचावें.

आतां दुष्काळाकडे वळूं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पाव भागांत या मुलखावर तीन मोठे घाले पडले: १८७६ ते ७८, १८९६-९७ आणि १८९९-१९००. दुष्काळ म्हणजे केवळ पाऊस न पडणें नव्हे. प्रथम कडबा संपतो, मग बैल कवडीमोलानें जातात किंवा दावणीला मरतात. बैल गेले म्हणजे पुढच्या वर्षीं पाऊस पडूनही नांगर चालत नाहीं. मग भांडीं जातात, मग घराचे वांसे विकले जातात, आणि शेवटीं माणूस खडी फोडण्याच्या सरकारी कामावर जातो. तेथें गर्दी, घाणेरडें पाणी आणि पाठोपाठ पटकी. उपासानें जितके मरतात तितकेच या रोगांनीं मरतात, आणि मागें राहतात तीं पोरकीं मुलें.

या संकटांत मिशननें दाणा वांटला, कपडे वांटले, विहिरी खणविण्याचीं कामें काढून मजुरी दिली, आणि शेंकडों अनाथ मुलें आपल्या वसतिगृहांत घेतलीं. अमेरिकेंतील ख्रिस्ती जनतेनें १९०० सालीं ‘क्विटो’ नांवाच्या जहाजांतून मका पाठविला. शेजारच्या पुणें जिल्ह्यांत केडगांव येथें पंडिता रमाबाईंनीं याहूनही मोठें धाडस केलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या स्वतः मध्यप्रांतांत गेल्या, आणि तेथून उपाशी विधवा व मुली यांस घेऊन आल्या. १९०० सालीं गुजराथेंतील निराधार स्त्रियांसही त्यांनीं आसरा दिला. त्या माळरानावर त्यांनीं विहिरी खणविल्या, शेती लाविली, आणि ज्यांस जगानें टाकून दिलें होतें अशा बायांस छापखान्यांत खिळे जुळविण्यास शिकविलें. रमाबाईंनीं मूळ भाषांवरून केलेलें बायबलाचें मराठी भाषांतर याच बायांच्या हातून छापलें गेलें. दुष्काळांतून वांचलेल्या हातांनीं संबंध धर्मग्रंथ छापावा, ही गोष्ट केवळ दयेच्या हिशेबांत बसणारी नाहीं.

तेव्हां भाकरीचा प्रश्न. दुष्काळाच्या वर्षीं बाप्तिस्म्यांची संख्या वाढे, ही गोष्ट मिशनच्या अहवालांतूनच दिसते. ती नाकारण्यांत अर्थ नाहीं. दाण्याच्या आशेनें कांहीं आले, आणि पाऊस पडतांच कांहीं परतही गेले. मिशनऱ्यांतही याविषयीं मतभेद होता. दुष्काळांत बाप्तिस्मा देऊं नये, उमेदवारास कांहीं काळ थांबवून शिकवावें व पारखावें, असें म्हणणारे पुष्कळ होते. परंतु या आरोपांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, कीं भूक ही वेगळी व आत्मा वेगळा. ज्यास जन्मभर गांवानें हात लावला नाहीं, त्याच्या पोरास मरतां मरतां कोणी उचलून मांडीवर घेतलें, तर त्यास मिळाली ती भाकरी, कीं धर्म? याची वांटणी बाहेरच्या माणसानें करूं नये. शिवाय बाप्तिस्मा घेणाऱ्यास सुखच लाभे असें नाहीं. त्याचें बलुतें बंद होई, जातीचे लोक वाळींत टाकीत, वतनावरून तंटे होत. दुष्काळ सरल्यावर हा तोटा मात्र कायम राही, आणि तरीही जे राहिले, त्यांची निष्ठा दाण्याच्या मापानें मोजतां येत नाहीं.

तथापि आमच्या बाजूचे दोषही सांगितलेच पाहिजेत. पहिला दोष परावलंबनाचा. मिशन म्हणजे मायबाप, शाळा मिशनची, पाळकाचा पगार मिशनचा, घराचें छप्पर मिशनच्या मदतीचें, अशी संवय जडली, आणि एका सरकाराऐवजीं दुसरें सरकार मिळालें. टिळकांस ही गोष्ट फार बोंचे. हिंदी ख्रिस्ती माणसानें आपल्या पायांवर उभें राहावें म्हणून त्यांनीं १९१७ सालीं मिशनच्या पगारी नोकरीचा राजीनामा दिला व ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. दुसरा दोष जातीचा. एका भाकरींतून व एका प्याल्यांतून भाग घेणाऱ्या मंडळींतही महार व मांग यांचा भेद पुष्कळ वर्षें रेंगाळला, आणि सोयरिकीच्या वेळीं तो अद्याप डोकें वर काढतो. गांवानेंही ख्रिस्ती झाला म्हणून त्याचा विटाळ धुतला गेला असें कधीं मानिलें नाहीं. उलट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातीच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांस मिळेनाशा झाल्या, व ती स्थिति अजून बदललेली नाहीं. म्हणजे गांव ज्यास जुनाच समजतें, त्यास सरकार नवा समजतें. ही कोंडी सोसणारीं कुटुंबें आपल्या अवतीभोंवतीं आहेत.

परावलंबनावर औषध म्हणून धंदेशिक्षणाचा मार्ग फार पूर्वींच चोखाळला गेला होता. नगरच्या औद्योगिक शाळेंत अनाथ मुलें सुतारकाम, धातुकाम व गालिचे विणणें शिकत. आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं चर्चिल नांवाच्या अमेरिकन यंत्रज्ञानें अधिक वेगानें चालणारा हातमाग येथेंच तयार केला. उच्च शिक्षणासाठीं मुंबई-पुण्याची वाट धरावी लागे, तीही अडचण डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनीं १९४७ सालीं नगर येथें कॉलेज काढून दूर केली. परंतु ही सर्व माणसाची तयारी झाली. ज्या भूमीनें त्यास भिकेस लाविलें, त्या भूमीची तयारी कोण करणार? हा प्रश्न स्वातंत्र्यानंतर पुढें आला, आणि त्याचें उत्तर शोधण्यांत ख्रिस्ती सेवकांचा वांटा थोडा नाहीं.

डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हें दांपत्य वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत शिकून वडाळें येथील मिशन दवाखान्यांत काम करूं लागलें. रोगी बरा होऊन जाई, आणि कांहीं महिन्यांनीं तोच रोग घेऊन परत येई. तेव्हां त्यांनीं ओळखिलें, कीं रोगाचें मूळ दवाखान्यांत नसून गांवांत आहे. १९७० सालीं तीं दोघें जामखेडला गेलीं. पाठोपाठ १९७२ चा महादुष्काळ आला. पिण्याच्या पाण्यासाठीं कूपनलिका खणावयाच्या ठरल्या, तेव्हां त्या शक्य तेथें दलित वस्तींत घेण्याची त्यांनीं योजना केली. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानीत, त्यांच्या दारीं सवर्णांच्या घागरी लागूं लागल्या. व्याख्यानांनीं जें झालें नव्हतें, तें एका हातपंपानें केलें. पुढें त्यांनीं गांवोगांवच्या, पुष्कळ वेळां निरक्षर व दलित, स्त्रियांस आरोग्यसेविका म्हणून तयार केलें. बाळंतपण, लसटोचणी, मुलांचें वजन, स्वच्छ पाणी हें सर्व त्या पाहूं लागल्या. आरंभीं त्या भागांत जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकीं सुमारें १७६ पहिल्या वाढदिवसापूर्वींच दगावत. हें प्रमाण पुढें फार मोठ्या अंशानें उतरलें. १९७९ सालीं या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलबाई १९९९ सालीं व डॉक्टर २०११ सालीं वारले, परंतु ज्या बायांस त्यांनीं शिकविलें त्यांनीं तें ज्ञान पुढच्या पिढीस दिलें आहे.

दुसरें उदाहरण जेज्विट संघाचे फादर हर्मन बाखर यांचें. स्वित्झर्लंडच्या डोंगरांतून १९४८ सालीं ते भारतांत आले व नगरच्या माळरानांत रमले. दुष्काळांत धान्य वांटून त्यांच्या ध्यानांत आलें, कीं वांटलेला दाणा संपतो आणि दुष्काळ परत येतो. मग त्यांनीं पाण्याच्या मागें जाण्याऐवजीं पाण्यास थांबविण्याचा मार्ग धरिला. माथ्यापासून पायथ्यापर्यंत डोंगरउतारावर समतल चर खणावयाचे, शेतांस बांध घालावयाचे, ओढ्यांत लहान बंधारे बांधावयाचे. म्हणजे धांवणारें पाणी चालूं लागतें, चालणारें थांबतें, आणि थांबलेलें जमिनींत मुरतें. परंतु याहून महत्त्वाची त्यांची अट अशी, कीं गांवानें प्रथम श्रमदान केलें पाहिजे, आणि कुऱ्हाडबंदी व चराईबंदी एकमतानें पाळली पाहिजे. न पाळणाऱ्या गांवास पैसा नाहीं. जर्मनीच्या साह्यानें चाललेल्या पाणलोट कार्यक्रमाचा हाच पाया होय, आणि याच कार्यासाठीं १९९३ सालीं त्यांनीं व फादर क्रिस्पिनो लोबो यांनीं स्वतंत्र संस्था स्थापिली. येथें हेंही सांगितलें पाहिजे, कीं याच जिल्ह्यांतील राळेगणसिद्धी व हिवरेबाजार या गांवांनीं मिशनच्या साह्यावांचून हाच धडा आपल्या हिमतीवर गिरविला. सत्य कोणा एका पंथाची मिरास नाहीं.

वाचकांच्या ध्यानांत आलें असेल, कीं या दोनशें वर्षांत सेवेचें रूप तीनदां पालटलें. प्रथम शिकविलें, मग जगविलें, आणि शेवटीं उभें राहावयास लाविलें. पहिल्यांत शिक्षक मोठा होता, दुसऱ्यांत दाता मोठा होता, तिसऱ्यांत मात्र ज्याची सेवा करावयाची तोच मोठा झाला. जामखेडची आरोग्यसेविका किंवा चर खणणारा गांवकरी हा मिशनच्या दारीं उभा असलेला याचक नव्हे. काम त्याचें आहे, आणि बाहेरून आलेला मनुष्य त्यास केवळ हातभार लावणारा आहे. आपल्या प्रभूनें शिष्यांचे पाय धुतले तेव्हां तो खालीं बसला होता व शिष्य वर होते, हें चित्र आपण पुष्कळदां पाहतों. त्याचा अर्थ कळण्यास आम्हांस बराच काळ लागला.

आमच्या शाळेंतून बाहेर पडणारीं मुलें डॉक्टर, शिक्षक, अधिकारी होतात, शहरांत स्थायिक होतात, आणि तें योग्यही आहे. परंतु त्यांच्यापैकीं पुष्कळांची पहिली पाटी कोणा तरी अनामिक मास्तरानें महारवाड्यांतल्या ओट्यावर हातीं दिली होती. तें ऋण पैशानें फिटणारें नाहीं. सुटींत गांवीं जाल तेव्हां एका निरक्षर आजीस सही करावयास शिकवा, ओढ्यावर श्रमदान चाललें असेल तर तासभर फावडें धरा, आणि कोणी भाकरीचा प्रश्न विचारिला तर त्यास शांतपणें ही सर्व हकीकत सांगा. उत्तर पटो वा न पटो. जो आपल्या वाडवडिलांची भूक लपवीत नाहीं, त्यास त्यांच्या श्रद्धेचीही लाज वाटत नाहीं.